बेक लेन शाळेची पाटी

"सप्टेंबर उजाडू दे! तिच्या शाळेच्या पाटीपेक्षा फूटभर मोठी पाटी माझ्या शाळेवर लागली नाही, तर नेविल ओल्डरॉइड नाव लावणार नाही!"

हेडमास्तर ओल्डरॉइड सरांनी सोमवारी सकाळी ही प्रतिज्ञा केली, तेव्हा ऑफिसात ती ऐकायला फक्त सेक्रेटरी डग्डेलबाई होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवरची नजर न हलवता विचारलं, "तिच्या म्हणजे ग्लेंडाबाईंच्या?"

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

"सर, गेली दोन वर्षं तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोललाच नाहीत!"

ते खरंच होतं. ग्लेंडा स्विथेनबँक बारा वर्षांपूर्वी याच बेक लेन प्राथमिक शाळेत नवखी मास्तरीण म्हणून आली होती. झेरॉक्सच्या मशीनमध्ये अडकलेला कागद कसा काढायचा, हेसुद्धा तिला सरांनी शिकवलं होतं. ती आता रस्त्यापलीकडच्या टेंटर रोड शाळेची हेडबाई होती. पण तेवढ्यावर थांबेल तर ती ग्लेंडा कसली! तिने शाळा गावच्या कौन्सिलच्या हातातून काढून तिची अॅकॅडमी केली. पैसा थेट लंडनहून. कौन्सिलचा साहेब विचारणारा नाही. वर अशा शाळा चालवणारा स्वतःचा ट्रस्ट काढून बाई त्याची मुख्य कार्यकारी अधिकारी झाली! पोरांना जांभळे कोट आले आणि फाटकावर जांभळी पाटी आली. ती पाटी सरांच्या खिडकीतून सरळ समोर दिसायची. सर पडदा ओढून बसत, तरी फटीतून ती दिसायचीच.

खरं सांगायचं तर अॅकॅडमी झाल्याने पोरांचे पाढे सुधारतात की बिघडतात, याच्याशी सरांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या पोटात नुसतं दुखत होतं, आणि त्यावर क्लेथ्वेट गावातल्या एकाही डॉक्टरकडे औषध नव्हतं.

आपलीही अॅकॅडमी करायची, हे तर सरांनी ठरवलंच होतं; पण पाटी फूटभर मोठी करायची, तर आधी ग्लेंडाच्या पाटीची मापं हवीत. शनिवारी शाळा बंद असते, म्हणून सर टोपी कपाळावर ओढून टेप घेऊन टेंटर रोडच्या फाटकाशी गेले. टेपचं टोक पाटीच्या कडेला अडकवून ते मागे मागे सरकत होते, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"अय्या, सर! तुम्ही इकडे?"

सर दचकले, टेपचं टोक सुटलं, आणि सपकन येऊन नाकावर बसलं.

"सहज! फिरायला निघालो होतो," सर नाक धरून म्हणाले.

"टेप घेऊन?" ग्लेंडा हसली. "या ना आत, चहा टाकते."

चहाबरोबर तिने घरी केलेला आल्याचा केक दिला. तो उत्तम झाला होता, त्यामुळे सरांना आणखीच राग आला.

"सर, अॅकॅडमी व्हायचं मनात आहे ना? मग कौन्सिलचं नवं धोरण आधी नीट वाचा हं. त्यात लहान शाळांसाठी एक..."

"धोरणबिरण मला शिकवू नकोस!" सर उठलेच. वाटेत ते स्वतःशी म्हणाले, घाबरली! माझी शाळा पुढे जाईल म्हणून जळतेय बिचारी!

धोरणाची फाइल मंगळवारी टपालाने आली. चांगली चौतीस पानं! सरांनी पहिली ओळ वाचली: "शाळांना साहाय्य करण्यास कौन्सिल सदैव तत्पर आहे."

"बघा डग्डेलबाई, साहाय्य म्हणे! म्हणजे अडवणार. तीस वर्षं ओळखतोय मी यांना."

"पुढची तेहतीस पानं?"

"हॉलमधला प्रोजेक्टर डुगडुगतो ना, त्याच्याखाली सरकवा!"

गुरुवारी चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये कारभारी मंडळाची सभा भरली. खुर्च्या शिशुवर्गाच्या होत्या, त्यामुळे सगळ्या सभासदांचे गुडघे कानांशी आले होते. कौन्सिलकडून मिर्झासाहेब आले होते. अतिशय सभ्य गृहस्थ. सरांनी त्यांना पाहताच ओळखलं की खोडा घालणार तो हाच. पण सरांनी ठरावच असा लिहून आणला होता की कौन्सिलला बोट शिरकवायला जागा नको. त्यांनी तो खणखणीत आवाजात वाचला.

"कौन्सिल ज्या काही अटी घालील त्या सर्व मान्य करून ही शाळा अॅकॅडमी होईल, आणि हा ठराव कधीही मागे घेता येणार नाही!"

मिर्झासाहेबांनी हात वर केला. "एक छोटीशी गोष्ट..."

"प्रश्न शेवटी! डग्डेलबाई, साहेबांना बिस्किट द्या!"

मिर्झासाहेबांनी बिस्किट खाल्लं आणि पुन्हा हात वर केला. दुसरं बिस्किट आलं. तिसऱ्यांदा हात वर होताच डग्डेलबाईंनी अख्खा डबाच त्यांच्या मांडीवर ठेवला. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हे साहेबांना आईने शिकवलेलं असावं. तेवढ्यात मतदान झालं. सगळे हात वर! एक म्हातारे सभासद पेंगत होते, त्यांचा हात शेजारणीने वर केला.

"हे बघा, आता तुमच्या देखतच!" असं म्हणत सरांनी कॉम्प्युटरवर तयार ठेवलेला अर्ज सरकारकडे धाडला. प्रोजेक्टरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: "अर्ज पोहोचला. धन्यवाद!" टाळ्या झाल्या. सरांनी तर वाकून नमस्कारही केला.

"आता बोला साहेब! काय अडवायचं ते अडवा!"

मिर्झासाहेबांनी ओठांवरचा चुरा पुसला. "अडवतोय कशाला? कौन्सिलची हरकत नाहीच मुळी. अभिनंदन! फक्त दोनशेपेक्षा कमी पोरं असलेल्या शाळेला एकटीने अॅकॅडमी होता येत नाही. तिने सर्वांत जवळच्या ट्रस्टमध्ये जायचं, एवढी एकच अट आहे. पान एकोणीस."

"कुठाय पान एकोणीस?"

"हे काय!" म्हणत साहेबांनी प्रोजेक्टरखालची फाइल ओढली. प्रोजेक्टर कलंडला. सरांनी झेप घेऊन तो पोटाशी धरला खरा, पण त्याचा सगळा उजेड त्यांच्याच तोंडावर पडला. भर सभेत सरांच्या कपाळावर "धन्यवाद!" झळकू लागलं.

"डग्डेलबाई," त्या उजेडात डोळे मिचकावत सर म्हणाले, "आपली पोरं किती?"

"एकशे सत्त्याऐंशी."

"आणि जवळचा ट्रस्ट?"

सगळ्यांनी नुसतं खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे जांभळी पाटी उन्हात चमकत होती.

"ही अट मला मान्य नाही!" सर ओरडले.

"असं कसं सर? तुम्ही आत्ताच सगळ्या मान्य केल्यात. मागेही घेता येत नाही म्हणालात." मिर्झासाहेबांचा स्वर गहिवरला होता. "बावीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ ठराव मी पाहिला नाही. आमच्याकडे नमुना म्हणून लावू का?"

सप्टेंबर उजाडला, शाळेचं नवं वर्ष सुरू झालं. पोरं जांभळ्या कोटांत आली. सरांना जांभळा टाय मिळाला. पहिल्याच दिवशी नवं झेरॉक्सचं मशीन अडकलं आणि सर कागदाशी झटापट करत असताना मुख्य कार्यकारी अधिकारी पाहणीला आल्या.

"जोर लावू नका सर, फाटेल," ग्लेंडा मायेने म्हणाली. "असा हळूच ओढायचा. तुम्हीच नाही का मला शिकवलं होतं?"

"हो बाई," सर म्हणाले.

दुपारी पाटी आली. ऑर्डर सरांनी जूनमध्येच देऊन टाकली होती. ती ट्रस्टने फक्त मजकूर बदलून कायम केली. सर आणि डग्डेलबाई फाटकाशी उभे राहून ती चढताना पाहत होते. वर हातभर सोनेरी अक्षरांत "मुख्य कार्यकारी अधिकारी: ग्लेंडा स्विथेनबँक" आणि खाली बारीक अक्षरांत "बेक लेन शाखा".

"आणि माझं नाव?" सरांनी पाटी चढवणाऱ्या रंगाऱ्याला विचारलं.

"जागाच उरली नाही हो. बाईंचं आडनाव केवढं लांब!"

डग्डेलबाईंनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पण शब्द खरा केलात हं सर! तिच्या पाटीपेक्षा चांगली फूटभर मोठी आहे."