तुळजा सायाळ यादीतून नाव मागे घेते

एका जंगलात वैद्य पुष्कळ होते, दवाखाने त्याहून पुष्कळ होते, आणि तरी आजारी पडायची सोय नव्हती. का, ते सांगतो. नीट मांडी घालून बसा. मागच्यांनी पुढच्यांच्या वेण्या ओढू नका.

तर त्या जंगलात वैद्यकीची परीक्षा पास झालं की तीन वर्षं एखाद्या दवाखान्यात राहून शिकावं लागे. कोणी कुठे जायचं, ते जुळवणी समिती ठरवी. उमेदवार आवडीचे दवाखाने क्रमाने लिहून देत, दवाखाने आवडीचे उमेदवार. मग एका सकाळी समिती जोड्या जाहीर करी. त्याआधीच कोणी एखाद्या दवाखान्याला हो म्हटलं, तर त्याने यादीतून नाव मागे घ्यावं, असा नियम होता. नियम फार चांगला होता. वापरून कोणी तो खराब केला नव्हता.

तुळजा नावाची सायाळ नुकतीच पास झाली होती. हाडं बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ते काही काट्यांमुळे नव्हे.

पल्याडच्या टेकडीवर गिरजाबाई अस्वलीचा छोटासा दवाखाना होता. चार वर्षांत तिथे एकही शिकाऊ वैद्य आला नव्हता. तुळजा आठवडाभर मदतीला गेली होती. निघताना गिरजाबाई म्हणाली, "पोरी, राहतेस का इथे? तळ्याकाठच्या मोठ्या दवाखान्यासारखं इथे काही नाही. पेशंट मात्र भरपूर आहेत."

"राहते," तुळजा म्हणाली.

गिरजाबाईने डोळे पुसले आणि मधाचं अख्खं पोळं पुढे केलं. अस्वल असं सहसा करत नाही.

तुळजाच्या वर्गात मधू मुंगूस होता. तिचा बेत ऐकून त्याने डोक्याला हात लावला.

"नाव मागे घेतेस? अगं, मी चार ठिकाणी हो म्हटलंय, शिवाय यादीतही आहे. तळ्याकाठचं मिळालं की बाकीच्यांना ताप आलाय म्हणून कळवायचं."

"आणि ते वाट बघत बसतील त्याचं काय?"

"दवाखानेच ना ते? तिथे सगळ्यांना वाट बघायची सवय असते."

तुळजा समितीच्या कचेरीत गेली. तिथे सचिव घोरपडबाई बसल्या होत्या.

"नाव मागे घ्यायचंय. मी टेकडीवर हो म्हटलंय."

"मग?"

"मग तिथे जाणार."

घोरपडबाईंनी चष्मा काढून पुसला. "खरंच जाणार?"

त्यांनी अर्ज शोधून काढला. त्यावर तीन कारणं छापली होती: लग्न, स्थलांतर, मृत्यू.

"मृत्यूवर खूण करा. काम लवकर होतं."

"पण मी जिवंत आहे."

"तो तुमचा खासगी प्रश्न."

तुळजाने तिन्ही कारणं खोडली आणि खाली लिहिलं, 'दुसरीकडे शब्द दिला आहे.'

समिती दोन दिवस बसली. मग निकाल आला: 'अर्ज नामंजूर. छापील कारण नसताना नाव मागे घेण्याचा प्रयत्न केल्याबद्दल, शिक्षा म्हणून, उमेदवाराचं नाव यादीतून काढून टाकण्यात येत आहे.'

तुळजाने तो दोनदा वाचला. मग बोचकं उचललं आणि टेकडी चढायला लागली.

जुळवणीच्या दिवशी मधूला तळ्याकाठचा दवाखाना मिळाला. एकदाही नाव मागे न घेतल्याबद्दल समितीने त्याला 'शिस्तप्रिय उमेदवार' म्हणून हार घातला. हार गळ्यात असतानाच त्याने उरलेल्या दवाखान्यांना ताप कळवला.

त्या हिवाळ्यात घोरपडबाई कड्यावरून घसरल्या. पुढचा पाय मोडला. चार कोल्ह्यांनी त्यांना उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. शिकाऊ वैद्य नव्हता. त्याला ताप होता. दुसरीकडे नेलं. तिथेही ताप. तिसरीकडेही ताप.

"एवढी साथ आलीय आणि मला कोणी कळवलं नाही?" घोरपडबाई कळवळून ओरडल्या.

शेवटी त्यांना टेकडीवर आणलं. तुळजाने हाड बसवलं, बांबूच्या पट्ट्या बांधल्या, रात्रंदिवस बघितलं.

चौथ्या दिवशी घोरपडबाईंनी तिला ओळखलं. "तुम्ही त्याच ना?"

"त्याच. पाय हलवू नका."

घोरपडबाईंनी पट्ट्या बांधलेला पाय निरखून बघितला. मग म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांसाठी काहीतरी केलंच पाहिजे."

आणि त्यांनी केलं. बऱ्या होऊन परत गेल्याबरोबर समितीने नवा नियम काढला: यापुढे कोणालाही, कोणत्याही कारणाने, नाव मागे घेता येणार नाही. खाली पहिली सही घोरपडबाईंची होती. त्याच पायाने केलेली. अक्षर पूर्वीपेक्षा सुबक आलं होतं.

तात्पर्य: मुलांनो, दिलेला शब्द पाळावा. म्हणूनच तो नेहमी चार ठिकाणी द्यावा. त्यातला एक तरी पाळला जातोच.