चंद्रे, सांग तिले

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, माझ्याशी बकरीमार्फत बोलतात. भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. कारध्यात बाकीच्या घरांतून ती केव्हाच सुटली. भासऱ्यांनी सोडली नाही. अंगणात बसून म्हणायचे, "चंद्रे, सांग तिले, भाजीत मीठ नाही." मी पदर ओढून चंद्रीलाच सांगायचे, "त्यायले सांग, मीठ समोरच आहे." चंद्री रवंथ करत दोघांकडे बघायची. ती म्हातारी होऊन मेली. दुसरी आणली, तिचंही नाव चंद्रीच.

लग्न त्यांनी केलं नाही. नदी, जाळं आणि बकरी, एवढाच संसार.

परवा जाळं ओढताना छातीतून पाठीपर्यंत काहीतरी चिरत गेलं आणि ते काठावरच बसले. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, काळजातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली आहे. छाती उघडून वरचा फाटका भाग काढायचा, तिथे कापडाची नळी शिवायची. खालच्या भागासाठी मात्र चिरायचं नाही. जांघेतून बारीक नळी सारून आतून जाळीचं अस्तर बसवायचं. थांबलो तर वाचणार नाहीत.

आमचे हे रक्त आणायला गेले होते. भासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बकरी नव्हती. मग सलाईनच्या खांबाला म्हणाले, "खांबा, सांग तिले, मले चिरून घ्यायचं नाही. घरी चाला."

डॉक्टर दचकले. "डोक्याला रक्त पोचत नाहीये," ते सिस्टरला म्हणाले, "आधी डोक्याचा फोटो काढा."

त्यात आणखी वेळ जाणार होता. परक्या माणसापुढे माझा आवाज निघत नाही. खाटेची दांडी घट्ट धरली तेव्हा निघाला. "साहेब, डोकं बरोबर आहे त्यायचं. माझ्याशीच बोलून राहिले ते."

डॉक्टरांनी खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग तुम्हीच समजवा. लवकर."

मी पदर ओढला. "खांबा, त्यायले विचार, ते नसले तर चंद्री कोणाशी बोलन?"

भासरे हळूच म्हणाले, "खांबा, करा म्हणा."

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी आम्ही नवरा-बायको बसून होतो. दार उघडलं की मी उठायचे. दुसऱ्याच कोणाचं नाव पुकारलं जायचं. पुन्हा बसायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशातली श्वासाची नळी काढल्यावर मला आत सोडलं. खांब उशाशीच होता. भासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मान वळवून सरळ माझ्याकडे. आवाज पार बसलेला.

"बाई, जेवली का तू?"

कालपासून नुसत्या चहावर होते. कुठे बघावं कळेना.

"खांबा," मी म्हटलं, "सांग त्यायले, जेवली."