बुवांच्या गळ्याची राखण

या मंडळी, अशी पुढं सरकून बसा. आज तुम्हाला एका गळ्याची गोष्ट सांगतो. ऐकून हात आपोआप जोडले गेले नाहीत, तर मग मला बोला.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत दर माघात हरिनाम सप्ताह असतो. वाडीच्या शाळेत तीस वर्षं शिकवून महाडला स्थायिक झालेले चिंतामणी गुरुजी त्याचे अध्यक्ष. गेल्या वर्षी मुंबईकर मंडळी गावी आली ती सर्दी घेऊनच. सहाव्या दिवशी टाळांपेक्षा खोकलाच जास्त वाजू लागला आणि शेवटच्या दिवशी बुवांचा आवाज बसला. काल्याचं कीर्तन राहिलं, म्हणजे सप्ताह अर्धाच राहिला. गुरुजींनी ते वर्षभर मनाला लावून घेतलं. यंदा निषादबुवांसारखे गोड गळ्याचे कीर्तनकार मिळाले, तेव्हा गुरुजींनी जाहीर केलं, "काही झालं तरी हा गळा काल्यापर्यंत शाबूत राहिला पाहिजे."

मंडपाच्या दाराशी साबण आणि पाण्याचं पिंप आलं. हात चोळत अकरा वेळा 'रामकृष्णहरी' म्हणायचं, मगच आत. शिंक आली तर कोपरात. आणि बुवांच्या पाया पडायचं ते लांबूनच.

"गुरुजी, पायाला हात नाय लावला तर पुण्य पोचंल कसं?" मृदंगवाल्या चांगूनं विचारलं.

"पोचतं. सर्दी पोचते, मग पुण्य का नाही पोचणार?"

तेवढ्यात बोरिवलीहून आलेल्या मंगेशनं पिशवी खाली ठेवली आणि सणसणीत शिंक दिली. गुरुजींनी त्याला दंडाला न धरता, नुसत्या बोटाच्या खुणेनं, आंब्याखाली नेऊन बसवलं.

"सर, अ‍ॅलर्जी हाय वो, धुळीची!"

"मग धुळीपासून लांब बस."

"आंब्याखाली निसती धूळच हाय, सर!"

मंगेशनं सातही दिवस कीर्तन तिथूनच ऐकलं.

बुवांसाठी दिवसातून सहा वेळा आलं-तुळस-गवती चहाचा काढा ठरला. तो उकळायचं काम शकूमावशीचं. मंडपामागं ताडपत्रीच्या आडोशाला सप्ताहाची चूल असे आणि चाळीस वर्षं त्या चुलीवर तीच. पेला मात्र गुरुजी स्वतः न्यायचे. बुवांच्या जिभेला चटका बसू नये म्हणून प्रत्येक पेल्यातला पहिला घोट आधी स्वतः घेऊन बघायचे. भक्तीच तेवढी होती हो!

"गुरुजी, उष्टा नका करू. तुमचंच नाक लाल दिसतंय," शकूमावशी चौथ्या दिवशी म्हणाली.

"तुझ्या चुलीचा धूर लागलाय."

"चाळीस वर्सं धुरात हाय मी. माजं नाय झालं कदी!"

गुरुजी ऐकून न ऐकल्यासारखं करून पेला घेऊन गेले.

सातवा दिवस उजाडला. अख्ख्या वाडीत कुणी खोकत नव्हतं. गुरुजी पहिल्या रांगेत कृतार्थ बसले होते. निषादबुवा काल्यावर बोलू लागले, "देव गोपाळांच्यात बसला. ज्याची त्याची शिदोरी एकत्र केली. आणि ते प्रेमाचं उष्टं..." 

इथं बुवांचा आवाज चिरकला. त्यांची नजर गुरुजींवर गेली आणि नेमके त्याच क्षणी गुरुजी शिंकले. असे शिंकले की पिंपाजवळचं कुत्रं उठून पळालं.

"उष्टं!" आंब्याखालून मंगेश ओरडला. "सर, काढा!"

सगळ्या मंडपाला एकदम उमगलं. गुरुजींचा चेहरा राखेसारखा झाला. बुवांनी कसाबसा अभंग उचलला, पहिला चरण झाला आणि दुसऱ्यावर नुसती हवा बाहेर आली. दुसऱ्या वर्षीही काला राहणार!

पण अभंग थांबला नाही.

ताडपत्रीमागून तो पुढं चालूच होता. आवाज बारीक, धुरानं थोडा भरलेला, पण सुरात असा की अंगावर काटा यावा. शकूमावशी दही कालवत होती आणि रोजच्यासारखी बुवांच्या मागं मागं, आपल्याशीच गात होती. बुवा थांबले हे तिला कळलंच नव्हतं. चाळीस वर्षांत तिनं एकही कीर्तन पाहिलं नव्हतं. सगळी ऐकली होती.

चांगूच्या हातून मृदंगावर आपोआप थाप पडली. ठेका ऐकून मावशीचा आवाज चढला. पुढचा चरण, त्याच्या पुढचा, कुठं अडखळणं नाही. मंडपात कुणी हलेना. म्हातारी माणसं डोळे पुसू लागली. सावित्री नदीचं पाणी खडकाखालून वाहत असावं आणि कुणी खडक उचलावा, तसं झालं. निषादबुवांनी गळ्यातला हार काढला आणि आडोशाकडं तोंड करून दोन्ही हातांवर धरून उभे राहिले.

अभंग संपला. ताडपत्री बाजूला करून मावशीनं डोकं बाहेर काढलं. कोपरापर्यंत दही.

"माइक बंद पडला का रे, चांगू?"

गुरुजी उठले, तिच्याकडं चार पावलं गेले आणि थबकले. आपलं नाक त्यांना आठवलं. मग दहा हातांवरूनच त्यांनी धुळीत साष्टांग दंडवत घातला.

"अगो बाई! उठा हो गुरुजी, थंडी बाधंल!" मावशी दह्याचे हात उंच धरून कळवळली.

बुवांना बोलता येत नव्हतं. त्यांनी कागदावर लिहून तो चांगूकडं दिला. चांगूनं वाचलं, "पुढल्या वर्षी काल्याला मला बोलावू नका. कीर्तनकार वाडीतच आहे. मी काढा उकळीन."

तर मंडळी, कुठं कीर्तन ऐकून प्रसादाचा घास तोंडात घालाल, तेव्हा आडोशाच्या चुलीपाशी बसलेल्या आमच्या शकूमावशीची एकदा आठवण काढा.