मेश्राम काकाजींची मॉकड्रिल

मेश्राम काकाजी भेटले की "कसे आहात?" असं विचारत नाहीत. "नाक मोकळं हाये का?" असं विचारतात. नवा माणूस गडबडून रुमाल शोधतो. आम्ही मरोदा वसाहतीतले शेजारी मुकाट्याने "हो" म्हणतो आणि काढता पाय घेतो. "नाही" म्हटलं की व्याख्यान सुरू.

"पोट म्हनजे मेन गेट, ताई. तिथं लाइन लागते. नाक म्हनजे मेंदूच्या बाजूचं गेट. डायरेक्ट एंट्री!" काकाजींची सगळी नोकरी पोलाद कारखान्यात, सेफ्टीवाल्यांत गेली. त्यामुळे माणसाच्या शरीरातही त्यांना गेट आणि पाइपलाइनच दिसतात.

हे खूळ आलं काकींच्या दुखण्यातून. काकींना फिट येते. एकदा भर बाजारात आली, तेव्हा कुणीतरी त्यांच्या नाकाला चप्पल लावली. त्या माणसाचा उद्धार काकाजी अजून करतात. पुढे डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला. झटके सुरू झाले की मारायचा, औषध नाकातून लवकर मेंदूपर्यंत पोचतं. दुसऱ्या कुणी तो कपाटात ठेवला असता. काकाजींनी त्याची मॉकड्रिल सुरू केली.

कारखान्यात आग लागली असं समजून माणसांना पळवतात ना, तसंच. रविवारी आम्ही पोह्यांच्या बश्या हातात घेतो न घेतो तोच गल्लीत शिट्टी. बाहेर यावं तर काकाजी सतरंजीवर पेशंट होऊन हातपाय झाडताहेत! स्प्रेच्या रिकाम्या बाटलीत पाणी. आमच्यापैकी एकाने त्यांना कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, नाकात फवारा मारायचा. चुकलं की पेशंट एक डोळा उघडून ओरडायचा, "कावून घाबरून राहिल्या? डोकं सांभाळा आधी!" फवारा बसला की सणसणीत शिंकायचे आणि पुन्हा बेशुद्ध व्हायचे.

काकी ओट्यावर भाजी निवडत लाजून चूर. "माह्या बिमारीची वरात काढून राहिला हा मानूस," म्हणायच्या. मलाही संताप यायचा. हसायचे सगळे, पण काकाजींना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

परवा दुपारी काकी विरजण मागायला आमच्याकडे आल्या. काकाजी कूलरचा स्टँड वेल्डिंग करून घ्यायला हथखोजच्या वर्कशॉपात गेलेले. बोलता बोलता काकींची नजर थिजली आणि त्या माझ्याच स्वयंपाकघरात कोसळल्या. झटके सुरू झाले.

समोरची साहूबाई धावत आली, हातात चप्पल! "ठेव ती खाली!" मी अशी ओरडले की माझा मलाच आवाज ओळखू येईना. काकींना कुशीवर घेतलं. त्यांच्या गळ्यात काकाजींनी गेटपासच्या दोरीला पिशवी अडकवली होती, तिच्यातून स्प्रे काढला आणि डॉक्टरांनी सांगितलाय तसा मारला. माझे हात सरावल्यासारखे चालले. हळूहळू झटके विरले. श्वास संथ झाला. मी तिथेच भिंतीला टेकले आणि रडू आलं, सुटल्याचं रडू.

डॉक्टरांना फोन झाला, मग काकाजींना. ते हेल्मेट न काढताच आत घुसले. आता चुका काढणार, म्हणून मी तयारीत होते. त्यांनी काकींचा श्वास पाहिला, कपाळावर हात ठेवला.

"मी नोतो ना इथं?"

"नव्हतात."

"तरी झालं?"

"झालं काकाजी. सगळं नीट झालं."

ते खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "आमाले लेकरू नाही, ताई. मी गेल्यावर हिले कोन पाहीन, याचाच घोर होता. म्हनून तुमाले तरास देत होतो." मी चहा ठेवायला वळले.

चहा गाळून वळले तर काकाजी खुर्चीतच गाढ झोपलेले, हेल्मेटसकट. मी हाक मारणार, एवढ्यात खाली निजलेल्या काकींचा क्षीण आवाज आला.

"उठवू नको, बाई. माह्या श्वासावर कान ठेवून हा रोज रातभर जागत असते. झोपू दे त्याले."