धर्माकाकांच्या शेतातला राब

तात्यांना मी कोंडून घातलं होतं. दिवसाढवळ्या, बाहेरून कडी लावून. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढच्या गमती सांगताना मीच भला माणूस ठरेन.

तात्या म्हणजे माझे थोरले काका. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. सत्तरी उलटली आणि त्यांच्या डोक्यातल्या वस्तू जागा बदलू लागल्या. सदरा उलटा, वहाणा चुलीजवळ. एका सकाळी ते तांब्या घेऊन चक्क बैलाची धार काढायला बसले. बैलही मुकाट उभा राहिला.

"आज पान्हा चोरतेय गो," ते माझ्या बायकोला म्हणाले, "पेंड वाढव."

तिनं खरंच वाढवली. बैल भलताच खूश झाला.

खरा घोळ झाला तो राबाचा. भाताची रोपं करायची जमीन पावसाआधी भाजावी लागते. त्यासाठी तिच्यावर फांद्या, पाला, शेण पसरायचं, तोच राब. तात्यांनी आमची रचून ठेवलेली फांद्यांची रास उचलली आणि बांधापलीकडे धर्माकाकांच्या शेतात पसरली! त्याच बांधापायी दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं, आणि भांडण काढलं होतं तात्यांनीच.

धर्माकाका पारावर म्हणाले, "कसेल त्याची जमीन, असा कायदा आलाय म्हणं. तात्या माझं शेत घ्याया निघालाय काय?"

गाव हसलं. मला झोंबलं. त्यात तात्या काडेपेटी मागत फिरू लागले. आगीची भीती खरी होती. पण कडी लावली ती अब्रूपायी.

संध्याकाळी धर्माकाका दारात. मी भांडायच्या तयारीत.

"वसंता, तात्या कुठं हाय रे?"

"का?"

"आला नाय आज. च्या गार झाला."

"तुम्ही त्यांना चहा देता?"

"मग, फुकट राबवू? पोरं माझी मुंबैला. बोलाया कोण हाय? आन् भांडाण तर तो पार इसारला. मी एकट्यानं किती दिस लक्षात ठेवू?"

मी कडी काढली. तात्यांनी खराट्याची दोरी सोडून त्याच्या काड्या जमिनीवर नीट पसरल्या होत्या. त्यावर पाला म्हणून माझं धुतलेलं धोतर.

"धर्माचा राब राहिलाय," ते मला म्हणाले. "त्याच्याकडं माणूस नाय. एकट्यानं कसं होयाचं त्याचं?"

धर्माकाका उंबऱ्यावर बसले. उपरण्यानं नाक पुसलं आणि एकदम ओरडले, "काडेपेटी माझ्याकडं राहील. तू नुसत्या फांद्या पसर. कळलं का, येड्या?"

"येडा तू," तात्या म्हणाले.

सकाळी भारा मी डोक्यावर घेतला. दोघं म्हातारे पुढे, कुणाच्या तरी लग्नातल्या फजितीवर खिदळत. बांधाशी पोचल्यावर मी भारा टाकला आणि तात्यांचा हात धरला.

"तात्या, मी तुम्हाला कोंडलं. माझं चुकलं."

ते माझ्याकडे प्रेमानं बघत राहिले. त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. म्हणून मग ज्यांना आठवत होतं, त्या धर्माकाकांकडे वळून मी पुन्हा म्हणालो, "काका, माझं चुकलं."