दोन खोल्यांपुरते भांडण

बाइंडरच्या घरात भांडण नव्हते, आणि त्यामुळे घरावर मोठी अडचण येऊन पडली होती.

घर म्हणजे एक खोली आणि तिला चिकटलेले स्वयंपाकघर. तिथे बाइंडर, त्यांचा मुलगा, सून आणि पुस्तके दाबायचे लोखंडी यंत्र असे चौघे राहत. सुनेला सातवा महिना लागला होता, म्हणजे लवकरच पाच होणार. अशात इमारत धोकादायक ठरली आणि तीन महिन्यांत रिकामी करण्याचा कागद दारावर चिकटला. नवी घरे बांधून तयार होती. ती कुणाला किती खोल्यांची द्यायची एवढेच ठरायचे होते, आणि त्यासाठी सरकारने पिढी-अंतर मापन कार्यालय उघडले होते.

कार्यालयाचे म्हणणे सरळ होते. ज्या घरात दोन पिढ्यांचे पटत नाही त्या घराला दोन खोल्या लागतात. ज्यांचे पटते त्यांना एक पुरते. किती पटत नाही, ते शंभर गुणांत मोजायचे. चाळिसाच्या खाली 'एकजीव कुटुंब', त्यांना एक खोली. चाळीस ते सत्तर 'सुयोग्य अंतर', त्यांना दोन खोल्या. सत्तरच्या वर 'दुभंगलेले कुटुंब', त्यांच्याबाबत परिशिष्ट पाहावे. नियमपुस्तकाच्या चारशे प्रती बाइंडरनीच बांधल्या होत्या. परिशिष्ट अजून मंजूर झाले नव्हते, म्हणून त्याच्या जागी दोन कोरी पाने शिवायला सांगितले होते. ती त्यांनी नीट शिवून दिली होती.

ही योजना ज्येष्ठ आघाडीने मागितली होती आणि तरुण आघाडीनेही मागितली होती. म्हाताऱ्यांना घरात मान नाही, असे एका आघाडीचे म्हणणे. तरुणांना घरात जागा नाही, असे दुसरीचे. दोन्ही आघाड्यांचे अध्यक्ष शाळेत एकाच बाकावर बसलेले. दोघांनाही दोन-दोन बंगले होते, त्यामुळे त्यांच्या घरी मोजणी करण्याची गरज पडली नाही.

ठरलेल्या दिवशी मापक बाई आल्या. तिशीच्या असतील. गळ्यात ओळखपत्र, हातात बारा पानी फॉर्म.

"आजोबा, बसा."

"आजोबा व्हायला अजून दोन महिने आहेत," बाइंडर म्हणाले आणि बसले.

बाईंनी मुलाकडे पाहिले. "वडिलांना काय म्हणून हाक मारता?"

"अहो बाबा."

"अहो?" बाईंनी पेनाने खूण केली. "सकाळी आधी कोण उठतं?"

"जो उठतो तो चहा टाकतो."

"यावरून वाद?"

"साखरेवरून होतो कधी कधी. पण तो हिच्याशी. बाबांना माझ्या हातचाच आवडतो."

बाईंनी पान उलटले. त्या बाई चांगल्या होत्या, गुण द्यायची त्यांची इच्छा होती. "हे बघा, मोबाइल. वडील तुमच्या मोबाइलला नावं ठेवतात का?"

"ठेवतात की!" सून स्वयंपाकघरातून घाईने म्हणाली.

"काय म्हणतात?"

"अक्षर बारीक आहे म्हणतात."

"मग?"

"मग ह्यांनी मोठं करून दिलं."

बाईंनी लिहिलेले खोडले. "काका, आता आठवून सांगा. गेल्या सहा महिन्यांत 'आमच्या वेळी' असं किती वेळा म्हणालात?"

बाइंडरनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "एकदा. नळाला पाणी आलं नव्हतं तेव्हा."

"काय म्हणालात?"

"आमच्या वेळीही यायचं नाही."

बाईंनी फॉर्म मिटला. शंभरापैकी अकरा गुण झाले होते. गेल्या निवडणुकीत दोघांनी एकाच उमेदवाराला मत दिले होते, तिथेच नऊ गुण बुडाले. दारात चपला घालताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एकवीस दिवसांनी फेरमोजणी मिळते. थोडे प्रयत्न करा ना. इतकं पटवून घेऊन कसं चालेल?"

वरच्या मजल्यावर निवृत्त कंडक्टर राहत. त्यांच्या घराला चोपन्न गुण पडले होते आणि दोन खोल्यांचे पत्र हातात आले होते. सगळी इमारत त्यांच्याकडे आदराने पाहू लागली होती. बाइंडर मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेले.

"बत्तीस वर्षं गाडीत भांडलोय," कंडक्टर म्हणाले. "मुद्द्यावर भांडायचं नाही कधी. मुद्दा संपतो. माणसावर भांडायचं. माणूस संपत नाही. करा सुरुवात. बाइंडर, पोराच्या केसांवरून बोला."

बाइंडरनी मुलाच्या डोक्याकडे पाहिले. मुलाला टक्कल पडत आले होते.

"काय बोलू?"

"मग कपड्यांवरून."

"हा शर्ट माझाच आहे. मीच दिला त्याला."

कंडक्टरनी कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही बाप आहात की कोण? पोराकडे बघून एकदाही तोंड वाकडं झालं नाही तुमचं?"

तरी त्यांनी शिकवले. कार्यालयाने 'वादाचे मान्यताप्राप्त विषय' नावाची पुस्तिका काढली होती, तिच्यातले बारा संवाद पाठ करून घेतले. रोज दुपारी जेवणानंतर तालीम चाले. एका बाजूला पुस्तकांचे फर्मे शिवणे, दुसऱ्या बाजूला भांडणे. बाइंडर सुईत दोरा ओवता ओवता म्हणत, "तुम्हा आजच्या मुलांना कष्टांची किंमत नाही," आणि मुलगा खळीचा डबा त्यांच्या हाताशी सरकवत म्हणे, "तुमचे विचार कालबाह्य झाले आहेत." सून दारात उभी राहून गुण द्यायची.

"बाबा, आवाज चढला, पण डोळे हसतायत. दोन गुण गेले."

"अगं, त्याचा चेहराच असा होतो, मला हसू येतं."

"आणि तुम्ही हो. भांडताना बाबांना पाणी कशाला दिलंत?"

"ठसका लागला त्यांना."

"लागू दे की!"

पंधराव्या दिवशी तिच्या हिशेबाने ते अठ्ठावीसपर्यंत पोचले. विसाव्या दिवशी अडतीस. चाळीस झाले की पाळणा टांगायला जागा होणार होती.

फेरमोजणीला मापक बाई आल्या तेव्हा ठरल्याप्रमाणे भांडण चालू होते. विषय सोपा घेतला होता, पुस्तिकेतला तिसरा, चपला जागेवर न ठेवणे. मुलगा ठरल्याप्रमाणे "अरे बाबा" म्हणाला. बाईंनी समाधानाने पेन काढले. बाइंडरनी पुढचे वाक्य म्हटले, "तुझ्या वयाचा असताना मी सगळं घर एकटा चालवत होतो."

यावर मुलाने "तुमचा काळ वेगळा होता" असे म्हणायचे होते.

"घर चालवत होतात," तो म्हणाला. "मला चित्रशाळेत प्रवेश मिळाला होता. पत्र आलं होतं. त्याच आठवड्यात तुमचा हात यंत्राखाली सापडला. तेव्हापासून खळ ढवळतोय. पंधरा वर्षं."

बाइंडरना वाटले, पोराने वाक्य सुधारून घेतले. ते पुढे वाकून कुजबुजले, "हे कुठल्या पानावर आहे रे?"

"कुठल्याच नाही."

बाइंडर सरळ बसले. "मी म्हटलं होतं का, जाऊ नकोस म्हणून?"

"नव्हतं म्हटलं. जा, असंही नव्हतं म्हटलं. काहीच म्हटलं नव्हतं तुम्ही. ते पत्र पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवलंत आणि दुसऱ्या दिवशी मला सुई धरायला शिकवलीत."

बाईंचे पेन भराभर चालू लागले. सुनेने स्वयंपाकघरातून मान वाकवून फॉर्म पाहिला. पन्नास झाले होते. तिने खोकून पाहिले. मग भांडे पाडले. कुणाचे लक्ष नव्हते.

"काही म्हटलं नाही, कारण तुझी चित्रं पाहिली होती मी," बाइंडर म्हणाले.

हे वाक्य तोंडातून निघाले तेव्हा ते त्यांचे त्यांनाच नवीन होते. खरे म्हणजे चित्रे त्यांना आवडली होती. हात पट्टीत बांधलेला असताना त्यांना एकटे पडायची भीती वाटली होती, एवढीच गोष्ट होती. पण ती म्हणायची तालीम कुणी करून घेतली नव्हती. टोचून बोलायची तालीम मात्र वीस दिवस झाली होती.

"मॅडम, पंचावन्नला थांबवा ना!" सून बाहेर आली. "आम्हाला तेवढेच पुरेत!"

"अहो ताई, हे काय दूध आहे का, गॅस बंद केला की खाली बसायला?" बाई लिहीत म्हणाल्या. त्यांच्या नोकरीत इतके अस्सल अंतर त्यांनी पाहिले नव्हते. "त्र्याऐंशी. अभिनंदन."

परिशिष्ट दरम्यान मंजूर झाले होते. दुभंगलेल्या कुटुंबास एकेका खोलीची दोन घरे देण्यात यावीत. दोन घरांत किमान नऊ किलोमीटर अंतर असावे. गुण सत्तरच्या खाली आल्यास दोन्ही घरे परत घेऊन कुटुंबास नव्याने रांगेत उभे करावे. रांग चार वर्षांची होती. बाइंडरना शहराच्या एका टोकाला खोली मिळाली, मुलगा-सुनेला दुसऱ्या टोकाला. यंत्र कुणाच्याच खोलीत मावले नाही, ते भंगारात गेले.

बाइंडर कार्यालयात गेले. "मॅडम, मी बोललो ते मला परत घ्यायचंय."

"शब्द परत घेणे, उणे पंधरा," बाई म्हणाल्या. "त्र्याऐंशीतून पंधरा गेले की अडसष्ट. काका, सून नवव्या महिन्यात आहे. तिला रस्त्यावर आणणार का?"

"फोनवर सांगितलं तर?"

"दोन मिनिटांच्या वर बोलणं झालं की सलोखा धरतात. आणि गळा भरून आला तर मिनिटं मोजत नाहीत."

"मग काय करायचं आम्ही?"

बाईंनी नियमपुस्तक उघडले. बांधणी पक्की होती. "जाहीर मतभेदाला परवानगी आहे. उलट दर खेपेला चार गुण मिळतात."

त्या वर्षीचा अहवाल आला तेव्हा शहरातल्या चाळीस टक्के घरांत दोन पिढ्यांचे पटत नव्हते, आदल्या वर्षी हाच आकडा सहा होता. वर्तमानपत्रांनी चिंता व्यक्त केली. परिसंवाद झाले. एका विचारवंताने मोबाइलला दोष दिला, दुसऱ्याने चित्रपटांना, तिसऱ्याने आयांना. ज्येष्ठ आघाडीने तरुणांना आवर घालण्याचे वचन दिले, तरुण आघाडीने ज्येष्ठांना घरी बसवण्याचे. निवडणुकीत दोघींच्याही जागा वाढल्या. कार्यालयाला आणखी तीन मजले मिळाले.

बाइंडर आणि त्यांचा मुलगा दर रविवारी सकाळी शहराच्या मध्यावर, बस थांब्यापाशी भेटू लागले. रस्त्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. मोजणीचे कर्मचारी साध्या कपड्यांत फिरतात असे कळले होते, त्यामुळे हात झाडून, मुठी वळून, तार स्वरात बोलावे लागे.

"मुलगी झाली!" मुलगा ओरडला. "कळलं का तुम्हाला?"

"मग मी काय नाचू?" बाइंडर कडाडले. "वजन किती आहे त्या पोरीचं?"

"तीन किलो! तुमच्यासारखं नाक आहे तिला, सगळं वाटोळं!"

"नाकाला नावं ठेवू नकोस! बायकोला नीट खायला घालतोस का, की तिथेही आळस?"

"घालतो! आणि तुम्ही एवढे वाळलात कशाला? कुणाला दाखवायला?"

"माझं मी बघून घेईन! आणि ऐकून ठेव!" इथे बाइंडरचा आवाज फाटला. त्यांनी मूठ आणखी वर उचलली. "चित्रं वाईट नव्हती ती! मूर्खा! एकही वाईट नव्हतं!"

पलीकडे मुलाने पायातली चप्पल काढून रस्त्यावर आपटली. तेवढे केल्यावर त्याला मान खाली घालून ती शोधता आली, आणि चेहरा पुसता आला.

थांब्यावर गर्दी जमली होती. त्या गर्दीत तुम्हीही होतात. चप्पल आपटलेली तुम्ही नीट पाहिलीत. वयाप्रमाणे तुम्ही 'काय ही आजकालची मुलं' म्हणालात किंवा 'काय ही म्हातारी माणसं' म्हणालात, आणि बस आली तशी चढलात. जेवताना घरी ते सगळे रंगवून सांगितलेत. शेवटी आपल्या घरातल्या माणसाकडे पाहून एक टोमणाही मारलात, आणि ते माणूस ताट उचलून आत निघून गेले.

तुमच्या घरी कुणी फॉर्म घेऊन आले नव्हते. त्या दोघांना निदान दोन खोल्या हव्या होत्या. तुम्हाला काय हवे होते?