नत्थूजीवर नजर

हॉर्न तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा गोपाळरावांनी एक साधाच निर्णय घेतला. आजपासून नत्थूजी मिस्त्रीवर नजर ठेवायची.

नजर ठेवणं हा गोपाळरावांचा पेशाच. खापरखेड्याच्या वीज केंद्रात ते तीस वर्षं गेटवर होते. सुटीचा भोंगा झाला की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा डबा उघडून बघायचा, हे त्यांचं काम. (तीस वर्षांत फक्त एकदा काही सापडलं. ते वांग्याचं भरीत होतं, आणि चांगलं झालं होतं.) रिटायर झाल्यावर मात्र या संशयी माणसानं डोळे मिटून एक खरेदी केली. एका मालगुजाराच्या गोठ्यात पडून असलेली, एकोणीसशे चौसष्ट सालची, टप मागे दुमडता येणारी मोटार त्यांनी नागपुरात घरी आणली. प्रयागबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, तिला बघून एवढंच म्हणाल्या, "हे चालते, का नुसती उभी राहाते?"

गाडी चालायची. पण दर आठवड्याला काहीतरी निघायचंच. कधी वायपर, कधी इंडिकेटर, कधी हॉर्न. काम दहा मिनिटांचं, पण ते जमायचं एकट्या नत्थूजींना. आणि दर वेळी ते बॉनेटखालून एकच सांगायचे.

"वायर तुटली, साहेब."

"आपोआप?"

"आता मले काय माहीत?"

गेटवरही जो तो हेच म्हणायचा, म्हणून गोपाळरावांना ते फार खटकायचं. एरवी त्यांनी सोसलंही असतं. पण दामिनीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं, आणि एकुलत्या एक मुलीनं बापाकडे एकच गोष्ट मागितली होती. "बाबा, बिदाई आपल्या गाडीतून. टप उघडा ठेवून. अन् गाडी तुम्हीच चालवाल, सासरी मौद्यापर्यंत." रस्त्यात गाडी बसली असती, तर पोरीची हौस जाणार होती आणि व्याह्यांपुढे नाकही.

म्हणून हॉर्न दुरुस्त करून नत्थूजी निघाले, तसे गोपाळराव फाटकात आडवे उभे राहिले.

"नत्थूजी, जरा डबा दाखवा."

"काहून?"

"दाखवा तर!"

डब्यात कोथिंबिरीच्या सांबारवड्या निघाल्या. प्रयागबाईंनीच सकाळी तळून नत्थूजींना घरी न्यायला दिलेल्या. आणि प्रयागबाई मागेच उभ्या होत्या.

"बाई, ह्या घ्या वापस," नत्थूजी शांतपणे म्हणाले. "वीस वर्षं झाले, मी लोकायच्या गाड्या उघडून राहिलो. माझा डबा आजवर कोणी उघडला नाही." त्यांनी स्कूटरला किक मारली आणि ते चालते झाले.

गोपाळरावांना वाईट वाटलं, पण ते त्यांनी कबूल केलं नाही. दर दुरुस्तीनंतर करायचे तशी त्यांनी गाडीची पूजा केली. हळदकुंकू, बॉनेटवर सढळ हातानं अक्षता, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे. मग शेडला कुलूप घातलं आणि किल्ली उशीखाली ठेवली.

सकाळी गाडीनं हूं की चूं केलं नाही. कुलूप जसंच्या तसं. म्हणजे चोर घरातला!

"तुले ही गाडी पहिल्यापासून पटत नाही," ते प्रयागबाईंना म्हणाले. "खरं सांग वं."

"मले तर तुम्हीबी पटत नव्हते. पस्तीस वर्षांत तुमची कोणती वायर तोडली मी?"

तेवढ्यात दामिनी हळूच म्हणाली, "राहू द्या बाबा. आम्ही टॅक्सीनं जाऊ." हे मात्र त्यांना सोसवेना. ते तडक नत्थूजींच्या टिनाच्या शेडपुढे जाऊन उभे राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. (गेटवरच्या नोकरीत हे शब्द कधी लागले नव्हते, त्यामुळे जरा जड गेले.)

"तुमच्यासाठी नाही येऊन राहिलो मी," नत्थूजींनी पाना उचलला. "पोरीसाठी येऊन राहिलो."

या वेळी नत्थूजींनी समोरच्या काचेखालची जाळीच उघडली. आत पिवळ्या अक्षतांचा ढीग होता. फुटाण्यांची सालं, कुरतडलेलं खोबरं, आणि निरांजनातल्या फुलवातींच्या गादीवर उंदरांचं लेकुरवाळं कुटुंब. बाजूलाच, जेवणानंतर दातांना काहीतरी हवं म्हणून चघळलेल्या वायरी.

"पूजा कोण करते?" नत्थूजींनी विचारलं. सगळे गोपाळरावांकडे बघू लागले.

"साहेब, मंग ही खानावळ तुमचीच होय."

नत्थूजींनी उंदरांचं बिऱ्हाड हलवलं आणि वायरिंग नवं केलं. गाडीवर यापुढे तांदळाचा एक दाणा पडणार नाही, अशी शपथ गोपाळरावांनी घेतली आणि ती मनापासून घेतली.

लग्न झालं. दुपारी मंगल कार्यालयासमोर गाडी टप उघडून उभी राहिली. हॉर्न असा खणखणला की बँडवालेही वळून बघू लागले. मागे दामिनी आणि जावई विक्की बसले. दामिनीनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. गोपाळरावांचा ऊर भरून आला. आणि त्याच वेळी विक्कीच्या आत्या सिंधूताई, हातात ताट घेऊन, मागे पन्नास पाहुणे घेऊन गाडीकडे निघाल्या. सगळ्यांच्या मुठीत अक्षता होत्या, आणि गाडीला वर छप्पर नव्हतं.

"टाकू नका!" गोपाळराव सीटवर चढून, दोन्ही हात पसरून ओरडले. "पोरीवर एक दाणा टाकू नका!"

बँड थांबला. सिंधूताईंची मूठ हवेतच राहिली.

"काहून? पोरीच्या बापालेच हे लग्न मंजूर नाही का?"

"तसं नाही हो, आता कुठं उंदीर गेले, अन्..."

"उंदीर कोणाले म्हणून राहिले तुम्ही?"

गोपाळरावांनी साक्षीसाठी नत्थूजींकडे बघितलं. नत्थूजी मान खाली घालून जिलेबी मोडत होते. दामिनीला बिदाईचं रडू आणि हसू एकदमच फुटलं. तिला बघून गोपाळरावांचेही डोळे वाहू लागले.

"पाहा, आता रडून राहिले," सिंधूताईंनी सगळ्यांना दाखवलं. "ह्या माणसाच्या मनात नक्की काहीतरी आहे." मग त्यांनी पुढचं दार उघडलं आणि त्या गोपाळरावांच्या शेजारी ठाण मांडून बसल्या. दाराकडे पाठ, तोंड त्यांच्याकडे.

गाडी झोकात निघाली. वाटेतलं पारडी मागे पडल्यावर गोपाळरावांनी मागे बसलेल्या दामिनीकडे हळूच मान वळवली.

"समोर पाहा जी," सिंधूताई म्हणाल्या. "तुमच्याकडे पाहाले मी आहो."